वाचकांचे प्रश्न : मशाल कोरडी, तेल वेगळं

थंडी पडायला लागली की कॅम्पिंगची पत्रं येतातच, तंबू कुठला घ्यावा, स्लीपिंग बॅग भाड्याने मिळते का वगैरे, पण यावेळी मशालींबद्दल इतकी पत्रं आली की अख्खं पान त्यालाच द्यायचं ठरवलं. बांबूच्या तेलाच्या मशाली आता ऑनलाइन कुणालाही मिळतात, कॅम्पसाइटच्या फोटोत त्या छान दिसतात आणि मग आपल्याही ट्रिपला हव्यात असं वाटतं. पेटवताना सगळे जपतात हो, पण घर ते तंबू हा जो चार-पाच तासांचा प्रवास असतो त्यात त्या तेलाचं काय होतं हे कुणी बघतच नाही, आणि माझ्या मते निम्म्याहून जास्त धोका तिथेच असतो.

प्रश्न : आम्ही चार फॅमिली डिसेंबरमध्ये भंडारदऱ्याला तंबूत राहायला चाललोय. आठ बांबूच्या मशाली मागवल्यात, प्रत्येकीच्या डोक्यावर पत्र्याचा छोटा डबा आणि जाड वात आहे. आमचे हे म्हणतात घरूनच तेल भरून नेऊ, तिकडे अंधारात सांडासांडी नको. दोन गाड्या आहेत, त्यातली एक सीएनजी. कसं न्यावं? (एक वाचक, चिंचवड)

ताई, घरून तेल भरून अजिबात नेऊ नका, आणि यजमानांना हे उत्तर वाचून दाखवा. त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाहीये, अंधारात सांडासांडी होतेच, पण त्यावर उपाय दुसरा आहे, तो पुढे सांगते. आधी त्या मशालीचं डोकं हातात घेऊन नीट बघा. पत्र्याचा डबा, त्याला फिरकीचं झाकण, झाकणाच्या मधोमध नळी आणि नळीतून वर आलेली वात. झाकणाच्या आत रबरी वायसर बहुतेक वेळा नसतोच, नुसते आटे असतात, म्हणजे डबा आडवा झाला की आट्यांतून तेल पाझरणार. आणि समजा आटे घट्ट बसले तरी वात आहेच की. वातीचं कामच मुळी तेल ओढून बाहेर आणायचं, ती पेटलेली आहे का डिकीत पडलीय याने तिला काही फरक पडत नाही. दीड मीटरचा बांबू गाडीत उभा राहणारच नाही, तो आडवाच जाणार, वातीचं टोक खाली आणि तेल थेंब थेंब बाहेर, संगमनेर येईपर्यंत अर्धा डबा सतरंजीत आणि स्लीपिंग बॅगांमध्ये जिरलेला असतो. मग त्याच स्लीपिंग बॅगांमध्ये रात्री मुलं झोपणार आणि बाहेर शेकोटी असणार, हे डोळ्यासमोर आणा.

दुसरं म्हणजे ऊन. रॉकेल साधारण ३५ ते ४० अंशांच्या पुढे तापलं की त्याची वाफ ठिणगीने पेट घेईल इतकी होते. डिसेंबरात बाहेर २८-३० अंशच असतील, पण बंद गाडी उन्हात तासभर उभी राहिली की आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा वीसेक अंशांनी सहज चढतं, तुम्ही नारायणगावला जेवायला थांबता तेवढा वेळ त्याला पुरतो. ही वाफ हवेपेक्षा जड असते त्यामुळे वर जाऊन उडून जात नाही, सीटखाली, डिकीच्या तळाला साचून राहते. आणि मग जेवून आल्यावर कुणीतरी गाडीत बसल्याबसल्या सिगरेट पेटवतं, किंवा ड्रायव्हर सवयीने डॅशबोर्डवर अगरबत्ती लावतो.

म्हणून मशाली पूर्ण कोऱ्या आणि कोरड्या न्यायच्या, वाती आत असल्या तरी चालतील पण तेलाचा थेंब नको. तेल वेगळ्या कॅनमध्ये. कॅन जाड प्लास्टिकचा घ्या, एचडीपीईचा, त्याच्या तळाला त्रिकोणात २ आकडा असतो, किंवा मग स्क्रूच्या झाकणाचा पत्र्याचा. कोल्ड्रिंकची किंवा पाण्याची बाटली नको म्हणजे नकोच, त्याबद्दल खाली एका आजींच्या पत्राला सविस्तर लिहिलंय. कॅन काठोकाठ भरायचा नाही. एक लिटर रॉकेल २० अंशांवरून ५० अंशांवर गेलं तर साधारण ३० मिली फुगतं, म्हणजे मोठे दोन चमचे, त्याला आत जागा मिळाली नाही तर ते झाकणातून वाट काढणार, म्हणून वरचा दहावा हिस्सा रिकामा ठेवा. झाकण लावून झालं की कॅन पाच मिनिटं वर्तमानपत्रावर आडवा करून ठेवा, कागदावर डाग पडला तर झाकण बदला किंवा कॅन बदला, हे आदल्या दिवशी करा, निघायच्या घाईत कोणी करत नाही.

सीएनजीच्या गाडीत कॅन ठेवू नका, दुसऱ्या गाडीत ठेवा. एक तर सिलिंडरमुळे डिकीत जागा उरत नाही, सामानावर सामान रचलं जातं आणि कॅन उभा राहत नाही, आणि दुसरं म्हणजे गाडीत वास यायला लागला तर तो गॅसचा का तेलाचा हे पटकन कळत नाही आणि त्या गोंधळात जो वेळ जातो तो महागात पडतो. दुसऱ्या गाडीत डिकीच्या कोपऱ्यात एक जुनी बादली किंवा घमेलं ठेवा, त्यात कॅन उभा, आजूबाजूला वर्तमानपत्रं गच्च कोंबा म्हणजे वळणावर लवंडणार नाही आणि गळलाच तर घमेल्यात गळेल. थर्मोकोलचा खोका वापरू नका, असल्या तेलांनी थर्मोकोल खराब होतो. गाडी हॅचबॅक असेल तर डिकी आणि माणसांची जागा एकच असते, म्हणून मागच्या काचा थोड्या खाली ठेवा आणि थांबाल तिथे गाडी सावलीत लावा. काड्यापेटी, लायटर, गॅसची शेगडी हे सगळं कॅनच्या गाडीत नको, वेगळ्या गाडीत. घाट चढल्यावर कॅन थोडा फुगलेला दिसेल, बाहेरच्या हवेचा दाब वर कमी असतो म्हणून तसं होतं, घाबरायचं नाही पण झाकण एकदम उघडायचंही नाही, गाडीतून बाहेर काढून हळूहळू फिरवायचं.

आता अंधाराचं. उपाय एवढाच की उजेडात पोचा. डिसेंबरात सहा वाजता सूर्य मावळतो, तुम्ही चार-साडेचारला तिथे असाल तर तंबू लावून झाले की उजेडातच एका माणसाने, एकानेच, नरसाळं घेऊन सगळ्या मशाली भराव्यात. तंबूंपासून आणि शेकोटीच्या जागेपासून लांब, दगडावर डबा ठेवून, पाऊणच भरायचा. बाहेरून फडक्याने पुसायचा, ते फडकं वेगळं ठेवायचं, वात पंधरा-वीस मिनिटं भिजू द्यायची, तोवर कॅन झाकण लावून परत गाडीत. मशाली जमिनीत घट्ट रोवा, हाताने हलवून बघा, तंबूपासून निदान दहा फूट, कारण तंबूचं नायलॉन जळण्याआधी वितळतं आणि वितळून अंगावर पडतं. जवळ वाळूचं घमेलं आणि ओलं गोणपाट असू द्या. आणि रात्री मशाल विझली म्हणून गरम डब्यात परत तेल ओतू नका, ती गार होऊ द्या नाहीतर दुसरी लावा, आठच्या आठ एकदम पेटवायच्याच कशाला, चार लावा आणि चार राखून ठेवा.

तुमच्याकडे खंडोबाचा कुळाचार असेल तर देवघरात दिवटी आणि बुधली बघितली असेल तुम्ही. पेटवायची ती दिवटी, तेल ठेवायची ती बुधली, दोन वस्तू वेगळ्या, जागरणाला नेतानाही वेगळ्या, आणि तेल लागेल तसंच घालायचं. तुमच्या भंडारदऱ्याच्या ट्रिपला याच्यापेक्षा चांगली पद्धत मला सांगता येणार नाही.

एक राहिलं. भंडारदऱ्याचा बराचसा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याला लागून किंवा अभयारण्यातच आहे, आणि वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे अभयारण्याला धोका होईल अशी आग पेटवायला किंवा पेटती सोडायला बंदी आहे. तुमची कॅम्पसाइट खासगी जागेत आहे का आणि तिथे उघडी आग चालते का हे बुकिंग करतानाच विचारा, नाही म्हणाले तर मशाली घरीच राहू द्या.

प्रश्न : रेशनवर रॉकेल मिळेनासं झालंय. डिझेल चालेल का? आमचा गॅरेजवाला म्हणतो त्यात थोडं पेट्रोल टाका, पटकन पेटतं. घरात तळणीचं वापरलेलं तेलही पडून आहे. (एक वाचक, अहिल्यानगर)

दादा, पेट्रोल एक थेंबही नको. पटकन पेटतं हीच तर त्याची अडचण आहे, पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते, म्हणजे आपल्याकडे वर्षातला एकही दिवस असा नाही की त्याची वाफ पेट घेण्याजोगी नाही. आणि थोडंसं पेट्रोल मिसळलं की सगळं मिश्रण पेट्रोलसारखंच वागायला लागतं, कॅनवर तुम्ही रॉकेल लिहिलेलं असतं आणि आत भलतंच असतं, ज्याला माहीत नाही तो माणूस रॉकेल समजून वापरायला जातो आणि भडका उडतो. गॅरेजवाल्याचं गाडीचं ज्ञान पक्कं असेल पण हा सल्ला ऐकू नका.

डिझेल नेताना रॉकेलइतकीच काळजी घ्यायची, जळताना काजळी आणि वास जास्त, जेवणाच्या बाजूला लावलं तर कुणाला जेवण जाणार नाही. मशालीबरोबर जे पॅराफिनचं दिव्याचं तेल विकतात ते महाग पडतं पण रॉकेलपेक्षा जास्त तापमानाला पेट घेतं आणि धूर कमी, परवडत असेल तर तेच घ्या. त्यात सिट्रोनेला घातलेलं मिळतं, पण डास पळवायला म्हणून जास्त पैसे घालवू नका, उघड्यावर वारा असतो, अंगाला मलम लावलेलं बरं.

तळणीच्या तेलाचं असं आहे की नेण्याच्या दृष्टीने ते सगळ्यात सुरक्षित, खायच्या तेलाची वाफ पेटायला २०० अंशांच्या बरंच वर जावं लागतं, गाडीतल्या उन्हाने काही होत नाही. पण बांबूच्या मशालीत ते नीट चालत नाही, कारण दाट तेल वातीतून फार वर चढत नाही, डबा भरलेला असेपर्यंत जळतं आणि पातळी दोन-तीन बोटं खाली गेली की ज्योत बारीक होऊन विझते. त्याच्यासाठी जुना टेंभाच बरा, काठीच्या टोकाला सुती चिंध्यांचा बोळा लोखंडी तारेने आवळायचा आणि तो तेलात भिजवायचा, तिथे तेलाला वर चढायचंच नसतं. चिंध्या मात्र सुतीच हव्यात, टेरिकॉट किंवा नायलॉनच्या साडीचा तुकडा चुकूनसुद्धा नको, ते वितळून पेटते थेंब पडतात. तेल आधी गाळून घ्या, आत पाण्याचा थेंब राहिला तर तडतडून उडतं.

प्रश्न : आम्ही डोंबिवलीहून ट्रेनने इगतपुरीला जाणार आहोत. अर्धा लिटर रॉकेल नीट पॅक करून बॅगेत टाकलं तर चालेल ना? आणि माझा भाऊ न्यू जर्सीहून येतोय, तो तिकडून मशाली आणू का विचारतोय. (एक वाचक)

नाही चालणार, अर्धा लिटर नाही आणि पाव लिटरही नाही. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १६४ प्रमाणे ज्वालाग्राही वस्तू डब्यात नेली तर तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा १००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, आणि शिवाय त्यातून काही नुकसान झालं तर तेही तुमच्यावर. पण कायदा बाजूला ठेवला तरी विचार करा, गच्च भरलेल्या डब्यात, धावत्या गाडीत, कुणाला पळायलाही जागा नसते. लोकलला पण हेच, एसटीला पण हेच. तेल इगतपुरीला उतरल्यावर घ्या, किंवा बॅटरीचे कंदील न्या.

भावाला सांगा की कोऱ्या, कधीच न भरलेल्या मशाली असतील तर चेक-इनच्या सामानात टाकून बघ, एअरलाइनला आधी विचारून, तेल मात्र केबिनमध्येही नाही आणि खालच्या सामानातही नाही. एकदा वापरलेली मशाल आणू नको म्हणावं, वातीत मुरलेलं तेल जात नाही आणि वास आला की सामान अडवतात. तसंही बांबूची मशाल न्यू जर्सीहून आणण्यासारखी वस्तू नाहीये, बांबू आपल्याकडे काय कमी आहे का.

प्रश्न : आमचं मंडळ शिवजयंतीला पन्हाळ्याहून गावापर्यंत शिवज्योत आणतं, अंतर पन्नासेक किलोमीटर, पोरं आळीपाळीने पळतात, मागे टेम्पो आणि दहा-बारा बाइक. रॉकेलचा कॅन टेम्पोत असतो आणि पळता पळताच ज्योतीवर तेल ओततात. गेल्या वर्षी एकाचा हात भाजला. ज्योत तर अखंड राहिली पाहिजे. काय करावं? (मंडळाचा कार्यकर्ता, वाळवा तालुका)

तुम्ही विचारलंत याचा खरंच आनंद झाला, कारण बहुतेक मंडळं हात भाजला तरी पुढच्या वर्षी तसंच करतात. शिवज्योत आणणं ही केवढी मोठी भावना आहे ते मला माहीत आहे, रात्रभर अनवाणी पळत येणारी पोरं आणि पहाटे वेशीवर ओवाळायला थांबलेल्या बायका मी बघितल्यात, म्हणून हे जास्त पोटतिडकीने लिहितेय.

पेटत्या ज्योतीवर रॉकेल ओतणं आजपासून बंद करा. ओतताना तेलाची धार असते ना, त्या धारेची वाफ पेटते आणि आग धारेवरून उलटी कॅनच्या तोंडाशी येते, कॅन अर्धा रिकामा असेल तर आत वाफच भरलेली असते आणि मग कॅनमधून आगीचा झोत बाहेर पडतो. ज्याच्या हातात कॅन आहे त्याला तो टाकायलाही वेळ मिळत नाही. जुने दिवटीवाले बुधलीतून पेटत्या दिवटीवर तेल घालायचे हे खरं, पण ते खायचं किंवा करंजाचं तेल असायचं, बारीक तोटीतून, जरा जरा. ते बघून रॉकेलचा कॅन ओतणं ही वेगळी गोष्ट आहे.

ज्योत अखंड ठेवायला तेल ओतायची गरजच नाही. दोन मशाली ठेवा, शक्यतो तीन. एक पेटलेली, दुसरी तयार. पहिली मंद व्हायला लागली की थांबायचं, दुसरी पहिलीवर पेटवायची आणि मगच पहिली विझवायची. ज्योत तीच राहिली, एका मशालीवरून दुसरीवर गेली, अखंडपणा कुठेही तुटला नाही. ही दुसरी मशाल भिजवायची ती टेम्पोजवळ, पेटत्या मशालीपासून निदान पन्नास पावलं लांब, बोळा तेलात बुडवायचा, बाहेर काढून बादलीवर धरून पिळायचा आणि थेंब पडायचे थांबले की मगच पुढे न्यायची. हात धुवायला साबण-पाणी टेम्पोत ठेवा, तेलकट हाताने पेटती मशाल धरायची नाही. बोळ्याच्या खाली काठीत पत्र्याची ताटली किंवा वाटी ठोकून बसवा म्हणजे ओघळ काठीवरून मनगटापर्यंत येत नाही, गेल्या वर्षीचा हात बहुतेक असाच भाजला असणार.

टेम्पोत पेटती मशाल कधीच चढवायची नाही. पाऊस आला, घाट आला, पोरं दमली, काहीही झालं तरी. त्या वेळी ज्योत काच असलेल्या कंदिलात घ्या, तो कंदील पायी चालणाऱ्याच्या हातात द्या आणि सगळे थोडं हळू जा. बाइकवर मागे बसून मशाल धरून पळवतात ते तर अजिबात नको, वाऱ्याने ज्योत मागे झुकते, मागच्याच्या तोंडावर येते आणि पुढे पेट्रोलची टाकी. तेलाचा टेम्पो धावणाऱ्याच्या मागे लगेच नको, मध्ये अंतर ठेवा, कॅन टेम्पोच्या मागच्या बाजूला घमेल्यात बांधलेला, त्यावर कुणी बसणार नाही आणि त्या टेम्पोत विडी-सिगरेट बंद, जनरेटर असेल तर तो दुसऱ्या गाडीत.

मंडळाचे टी-शर्ट हल्ली सगळे पॉलिस्टरचे असतात, आगीला ते फार वाईट, कातडीला चिकटतात. मशाल धरणाऱ्याने तरी सुती सदरा घालावा आणि शेला-उपरणं कमरेला घट्ट बांधावं, गळ्यात लोंबतं नको. आणि कुणी तोंडात रॉकेल धरून आगीचे फवारे उडवत असेल तर त्याला तिथल्या तिथे थांबवा, मोठ्यांनी थांबवा, ते रॉकेल जरा जरी श्वासाबरोबर आत गेलं तरी फुप्फुसाला सूज येते आणि त्यात माणूस दगावू शकतो.

गडावरून निघताना फेब्रुवारी-मार्चमध्ये गवत वाळून कुसळ झालेलं असतं, पायवाटेवर मशाल पेटवू नका, खाली डांबरी रस्त्यावर आल्यावर पेटवा, गडावरून कंदिलात ज्योत खाली आणा. पन्हाळा २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलाय, रायगड, शिवनेरी, राजगडाबरोबर, तिथे आता पुरातत्त्व खात्याला आधी विचारून गेलेलं बरं. कुठे वणवा लागलेला दिसला तर वनखात्याचा १९२६ हा नंबर सगळ्यांच्या मोबाइलमध्ये घालून ठेवा.

आणि तरी भाजलंच तर साध्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा, वीस म्हणजे घड्याळ लावून वीस, बर्फ नको, टूथपेस्ट नको, हळद नको, शाई नको, मग स्वच्छ सुती कापड सैल गुंडाळून दवाखाना, गरज पडली तर १०८. टेम्पोत तेलाबरोबर पाण्याचे दोन मोठे जार असतील तर हे रस्त्यातही करता येतं.

प्रश्न : सून आणि मुलगा कॅम्पिंगला जाताना रॉकेल पाण्याच्या बाटलीतच नेतात, म्हणतात आम्हाला माहीत आहे कुठली ती. बरोबर तीन वर्षांची नात असते. मी काही बोलले की वाद होतो. (एक आजी, सांगली)

आजी, वाद झाला तरी चालेल, बोला. तुमचं शंभर टक्के बरोबर आहे आणि हे पान त्यांच्यासमोर ठेवा.

रॉकेल पाण्यासारखं दिसतं आणि पॅराफिनचं पिवळसर तेल सफरचंदाच्या रसासारखं दिसतं. आई-बाबांना माहीत असतं कुठली बाटली ती, नातीला नसतं, आणि प्रवासात तहान लागली की मूल समोर दिसेल ती बाटली तोंडाला लावतं. मोठी माणसंही अंधारात लावतात. तेव्हा तेल त्याच्या मूळ कॅनमध्येच, त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, झाकणाला चिकटपट्टी, आणि खाण्यापिण्याच्या पिशवीपासून पूर्ण वेगळं.

आणि हे घरातल्या सगळ्यांना पाठ असू दे. मुलाने रॉकेल प्यायलं तर उलटी करवायची नाही. मिठाचं पाणी नाही, घशात बोट नाही, दूध पण नाही. पोटात गेलेलं रॉकेल जेवढा त्रास देतं त्यापेक्षा उलटी होताना श्वासनलिकेत गेलेलं फार जास्त देतं, त्याने न्यूमोनिया होतो. कपड्यांवर सांडलं असेल तर ते काढा, अंग साबणाने धुवा, मुलाला बसतं ठेवा आणि तडक दवाखान्यात न्या, बाटली बरोबर घ्या. मूल खेळत असलं, हसत असलं तरी न्या, कारण खोकला आणि धाप काही तासांनी सुरू होऊ शकते, डॉक्टर तेवढा वेळ लक्ष ठेवतात. कॅम्पसाइटवरून जवळचा दवाखाना कुठे आहे हे निघायच्या आधीच बघून ठेवायला सांगा त्यांना.

प्रश्न : जूनच्या सुरुवातीला काजवे बघायला जाणार आहोत, तेव्हा मशाली नेल्या तर वातावरण छान होईल का? (एक वाचक, नाशिक)

कृपा करून नेऊ नका. काजव्यांचं चमकणं म्हणजे त्यांची हाक असते, नर उडता उडता चमकतो, मादी खालून उत्तर देते, त्यावरून ते एकमेकांना शोधतात, आणि हे सगळं पाऊस स्थिरावेपर्यंतच्या थोड्याच दिवसांत. तुम्ही मशाल लावली की तो उजेड त्यांच्या चमकण्यापेक्षा कितीतरी मोठा, त्यात धूर. हिरड्या-बेहड्याचं, सादड्याचं झाड लखलखताना बघायला तुम्ही एवढ्या लांब जाणार आणि तेच मंदावणार. साधी लाल कागद लावलेली छोटी बॅटरी पुरे, तीही पायाशी. मशालींची हौस नवरात्रात प्रतापगडाच्या मशाल महोत्सवाला जाऊन पुरवा, डोळ्यांचं पारणं फिटतं.

प्रश्न : जातानाचं सगळं समजलं, पण परत येताना उरलेलं तेल आणि त्या तेलकट चिंध्या यांचं काय करायचं? गेल्या वेळी आम्ही तेल तिथेच मातीत ओतून दिलं. (एक वाचक, पुणे)

मातीत नको, आणि पवना किंवा भंडारदऱ्याच्या पाण्याजवळ तर मुळीच नको, एवढंसं तेल पाण्यावर लांबवर पसरतं आणि त्याच पाण्यावर खालची गावं आहेत. मशाल वातीवर टोपण झाकून विझवा, फुंकून नाही, सकाळी पूर्ण गार झाल्यावर डबा उघडून उरलेलं तेल नरसाळ्याने कॅनमध्ये परत घ्या. वात ओली राहणारच, म्हणून डोकं वर्तमानपत्रात गुंडाळा, त्यावर प्लास्टिकची पिशवी घालून रबरबँडने बांधा, आणि परतीच्या गाडीतही त्याच सगळ्या गोष्टी पाळा, सावली, काचा, घमेलं. येताना सगळे दमलेले असतात, सामान कसंही कोंबलं जातं, तिथेच कॅन आडवा होतो.

चिंध्यांचं जास्त नीट ऐका. रॉकेलच्या चिंध्यांना दुसऱ्या आगीची भीती असते, पण करडई, जवस, सोयाबीन असल्या तेलाच्या चिंध्या आपोआपही पेटू शकतात. ही तेलं हवेतला ऑक्सिजन घेऊन सुकत असतात आणि सुकताना उष्णता सोडतात, चिंधी पसरलेली असेल तर ती उष्णता निघून जाते, पण गोळा करून पोत्यात कोंबली आणि पोतं उन्हातल्या डिकीत ठेवलं तर उष्णता आतच वाढत जाते आणि काही तासांनी धूर यायला लागतो, आसपास काडीही नसताना. खोबरेल तेलाला हा धोका जवळजवळ नाही, जवसाला सगळ्यात जास्त. म्हणून घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा न्या, त्यात चिंध्या टाका, वर बुडेपर्यंत पाणी ओता, झाकण लावा. घरी आल्यावर त्या मोकळ्या जागी फरशीवर एकेक सुटी पसरून वाळवा, पूर्ण कडक झाल्या की मग कचऱ्यात, आणि ते तेलकट पाणी मोरीत ओतू नका, भुसा किंवा वर्तमानपत्र टाकून शोषून घ्या आणि तेही तसंच वाळवा. उरलेल्या तेलाचा कॅन बाल्कनीत सावलीत ठेवा, गॅस आणि देवघरापासून लांब, आणि वर तेलाचं नाव आणि महिना लिहून ठेवा म्हणजे पुढच्या थंडीत त्यात काय आहे हे वास घेऊन बघायची वेळ येणार नाही.